पंप-अ‍ॅक्शन, रानडुक्कर आणि पहिली बंदूक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'पहिली शॉटगन घेताना' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लक्ष देऊन वाचली. तुम्ही नाव दिलं नाही, 'सत्तरीतला एक बागायतदार' (म्हणजे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला) एवढीच ओळख दिली, म्हणून तेवढ्याच ओळखीवर लिहितो. उत्तर लांबलं आहे, कारण तुमच्यासारखेच प्रश्न मनात ठेवून बंदुकीच्या दुकानात जाणारी तरुण मुलं मला माहीत आहेत.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. नवख्याने पंप-अ‍ॅक्शनऐवजी दुनळीवर शिकावं, हा माझा सल्ला पैसेवाल्या नेमबाजांचा आहे. पंप-अ‍ॅक्शन म्हणजे नळीखालचा दांडा मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक; ती स्वस्त, दणकट, चार-पाच काडतुसं घेणारी. अमेरिकेत निशाणेबाजीला तीच आणि शिकारीलाही तीच वापरतात. शिकारीवर मी एक ओळ लिहिली नाही, म्हणजे डुकरांनी नासलेली बाग मी पाहिलेलीच नाही. आणि शेवटी, आजोबांची पोर्तुगीज काळातली दुनळी विकून आखूड नळीची पंप-अ‍ॅक्शन घ्यायचं तुमच्या मनात आहे.

आधी शिकारीचं बोलू, कारण नुकसान तिथे सर्वात मोठं होतं. नासलेली बाग मी पाहिली आहे. केळीचे कोंब बुंध्यापासून फाडलेले, सुरणाची आळी उकरून टाकलेली, आणि ज्या पाटातून पाणी जातं त्याचा बांध मधोमध फोडलेला. एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. त्या सकाळी माणसाच्या मनात जे येतं ते चुकीचं आहे, असं मी म्हणणार नाही. पण त्या रागात पहिली बंदूक निवडू नका.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित जनावरांची शिकार बंद आहे. शिकार म्हणजे फक्त जनावर मारणं नव्हे. हाकणं, फास लावणं, आमिष ठेवणं आणि नुसता प्रयत्न करणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. म्हणजे माचावर बसून झाडलेला बार चुकला तरी गुन्हा झालाच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर गवा पहिल्या अनुसूचीत (संरक्षित जनावरांच्या यादीत) आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. दोषी ठरलात तर तुरुंगवास आहेच, शिवाय ज्या हत्याराने गुन्हा झाला त्याचा परवाना न्यायालय रद्द करू शकतं आणि पुढची पाच वर्षं नवा मिळणार नाही असा आदेश देऊ शकतं. वडिलोपार्जित परवाना असलेल्या घरासाठी ही काय शिक्षा आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

शेतकऱ्यासाठी वाट अजिबातच नाही, असं मात्र नाही. याच कायद्याच्या कलम ११ मध्ये दुसऱ्या अनुसूचीतलं जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी कारणं नोंदवून, लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत 'उभं पीक' स्पष्ट धरलेलं आहे. जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे झाडलेला बारही गुन्हा ठरत नाही. मात्र मेलेलं जनावर सरकारचं, तुमचं नव्हे. तुमच्या वाड्यावरच्या बागायतदारांनी एकत्र येऊन पंचायतीमार्फत त्या लेखी आदेशासाठी अर्ज करावा, नुकसानीचे फोटो आणि तारखा जोडाव्यात. आदेश हातात असेल तर आजोबांची बंदूकही पुरेल. आदेश नसेल तर जगातली सर्वात चांगली पंप-अ‍ॅक्शनही तुमच्या कामाची नाही. आणि रागाच्या भरात लोक कुठवर जातात, तेही सत्तरीने पाहिलं आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्याच्या भागात विष घातलेल्या गुराच्या मढ्यामुळे चार वाघ मेले. एक वाघीण आणि तिचे बछडे होते ते. त्या गोष्टीचं मला आजही फार वाईट वाटतं.

पीकसंरक्षणाच्या परवान्याबद्दलही एक गैरसमज आहे. १९५९ चा शस्त्र कायदा पिकाच्या राखणीसाठी मुळात ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची) बंदूक धरून चालतो. ठासणीची पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तरच तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. म्हणजे 'माझी बाग आहे, मला पंप-अ‍ॅक्शन द्या' एवढ्याने काम होत नाही. का हवी ते कागदावर मांडावं लागतं. त्यातून आपलं गोवं चिमुकलं आणि अभयारण्यं सहा. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते, आणि आधीपासून हत्यार असलेल्यांनी नाव नोंदवायचं असतं. म्हादई, मोलें, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव, एवढ्यांभोवती दहा किलोमीटर मोजले की पूर्वेकडचे तालुके बव्हंशी त्यात येतात. चोडणचं पक्षी अभयारण्य धरलं तर पणजीही येते! अर्ज करण्याआधी हे कळलेलं बरं, नाहीतर माणूस वर्षभर कचेरीच्या पायऱ्या झिजवतो.

आता निशाणेबाजी. अमेरिकेत पंप-अ‍ॅक्शन पहिली बंदूक म्हणून सुचवतात हे अगदी खरं, आणि त्यामागे कारणं आहेत. रेमिंग्टन ८७० तिथे १९५० पासून बनते, मॉसबर्ग ५०० १९६१ पासून. दोन्ही लाखोंनी खपल्या, सुटे भाग कुठेही मिळतात, बदकांची शिकार परवाना काढून हंगामात करता येते, आणि त्यांच्या देशी ट्रॅपच्या (उडत्या मातीच्या तबकड्या फोडायच्या खेळाच्या) क्लबांत पंप-अ‍ॅक्शन चालते. तिथल्या माणसाला तिथला सल्ला बरोबर आहे. आपल्याकडे ट्रॅप आणि तसाच स्कीट खेळले जातात ते ऑलिम्पिकच्या पद्धतीने. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत बारा बोअरपर्यंतची (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचं माप) बंदूक चालते, पण पंप-अ‍ॅक्शन चालत नाही. म्हणजे सरावाला तुम्ही ती वापरलीत, हात बसला, आणि जिल्ह्याकडून पुढे खेळायची वेळ आली की बंदूकच बदलायची. दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) उंची वेगळी, तोल वेगळा, दुसऱ्या बाराची सवय वेगळी. ११० मिलिमीटरची मातीची तबकडी डोळ्यासमोरून सुटत असताना ही सवय मोडणं फार जड जातं. दुनळीवर शिका म्हणालो, त्यात या कारणाचा वाटा मोठा होता.

त्याहून मोठं कारण सुरक्षिततेचं आहे, आणि त्यावर मी अडून राहणार. दुनळी मोडली, म्हणजे बिजागरीतून उघडली, की दोन्ही घरं (काडतूस बसायच्या जागा) उघडी पडतात. रेंजवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला, दहा पावलांवरून, दिसतं की बंदूक रिकामी आहे. पंप-अ‍ॅक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात. बाहेरून काहीच दिसत नाही. नवखा माणूस सरकता दांडा मागे ओढतो, एक काडतूस बाहेर पडतं, त्याला वाटतं झाली रिकामी. दांडा पुढे ढकलला की खालच्या नळकांड्यातलं पुढचं काडतूस घरात चढतं. त्याच्या हातात आता भरलेली बंदूक आहे आणि त्याला वाटतं ती रिकामी आहे. अशा वेळी शेजारचा माणूस चहा घेऊन समोरून चालत असतो. शिकवणारा जवळ असेल तर तो दांडा मागेच ठेवून, घरात आणि नळकांड्याच्या तोंडात बोट घालून तपासायला लावतो. तुम्ही बागेत एकटे असाल तेव्हा कोण लावणार?

तरीही पंप-अ‍ॅक्शन वाईट बंदूक आहे असं मी कधीच म्हटलं नाही, आणि स्वस्ताईचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. परदेशी बंदूक वैयक्तिक आयात करायची वाट १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला बंद आहे, त्यामुळे बाहेरच्या चांगल्या दुनळ्या नामांकित नेमबाजांकडे आणि जुन्या घरांत, आणि किंमत लाखांत. तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्याची बारा बोअर पंप-अ‍ॅक्शन त्या मानाने आवाक्यातली आहे. काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात होतात. घर आणि बाग यांच्या राखणीसाठी, कायदेशीर परवान्यावर, विचार करून कोणी ती घेतली तर मी त्याला अडवणार नाही. फक्त ती कशी निवडायची ते नीट बघा.

नळीपासून सुरू करा. तुम्ही अठरा इंची म्हणालात, कारण व्हिडिओत तीच दिसते. अमेरिकेत कायद्याने शॉटगनची नळी किमान अठरा इंच लागते, म्हणून तिथे साडेअठराच्या विकतात. आपल्याकडे मर्यादा वीस इंचांची आहे. त्याहून आखूड गुळगुळीत नळी साध्या परवान्यावर मिळत नाही, आणि घरी नळी कापून घेणं हा तर सरळ गुन्हा. झाडीत आखूड बंदूक सोयीची असते हे खरं, पण पंप-अ‍ॅक्शनला घोड्याच्या वर यंत्राची लांब पेटी असते. त्यामुळे नळी तेवढीच ठेवली तरी ती दुनळीपेक्षा तीन-चार इंच लांब भरते. म्हणून दुकानात नळीचा आकडा विचारू नका, बंदूक उचलून दारातून आत-बाहेर करून बघा.

मग खांद्याला लावा. डोळे मिटून बंदूक खांद्यावर आणायची, गाल दस्त्याला टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाचा नेम धरायचा मणी पेटीच्या माथ्यावर मधोमध दिसला पाहिजे. मान वाकडी करावी लागली तर दस्ता तुमचा नाही. तयार बंदुकांचा दस्ता घोड्यापासून साधारण चौदा इंचांचा असतो. ठेंगण्या माणसाला किंवा घरातल्या बायकांना तो लांब पडतो, मग धक्का खांद्यावर न बसता दंडावर बसतो आणि दोन बारांत माणूस बंदुकीला भिऊ लागतो. डावखुरे असाल तर कुलूप, म्हणजे घोडा अडवून धरणारी सेफ्टी, कुठे आहे ते पाहा. मॉसबर्गसारखं माथ्यावर असेल तर दोन्ही हातांना सारखं, रेमिंग्टनसारखं घोड्यामागे आडवं असेल तर उजव्या हाताच्या सोयीचं.

दांडा ओढून बघताना दुकानदारासमोर लाजू नका. पंप-अ‍ॅक्शन अडकते ती बहुतेक वेळा माणसामुळे: दांडा पूर्ण मागे न ओढता अर्ध्यातून पुढे ढकलला की रिकामं काडतूस पेटीच्या तोंडात आडवं होतं आणि नवं त्याच्यामागे येऊन दाटतं. दांडा ठणकावून, शेवटपर्यंत मागे, शेवटपर्यंत पुढे ओढायचा. हात आखडला तर ती बंदूक अडणारच. हा सराव रिकाम्या बंदुकीने, नळी भिंतीकडे ठेवून, भरपूर करा.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाजवळचा अरुंदपणा. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात फुल चोक साधारण सत्तर टक्के छर्रे टाकतो, हाफ साठ आणि मोकळी सिलिंडर नळी चाळीस. नुसते आकडे वाचून उपयोग नाही. रेंजवर परवानगी घेऊन मोठा खाकी कागद टांगा, एक बार झाडा आणि भोकं मोजा. एकाच खोक्यातली काडतुसं दोन बंदुकांतून वेगवेगळी पसरतात, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की समजतं. सरावासाठी आणखी एक गोष्ट: वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि ट्रॅपची एक फेरीच पंचवीस तबकड्यांची. अर्ज करतानाच उद्देश 'खेळ' असेल तर तसं लिहा आणि क्लबचं पत्र जोडा.

गंजाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण गोव्यात हा प्रश्न कायद्याइतकाच खरा आहे. मृगापासून पुढचे महिने खारी दमट हवा पोलादाला खाते. कापडी पिशवीत किंवा स्पंजच्या पेटीत बंदूक ठेवू नका, आत घाम धरतो. नळी दर आठवड्याला तेलाचा बोळा फिरवून पुसा, आणि पंप-अ‍ॅक्शनच्या नळकांड्याची स्प्रिंगही बाहेर काढून पुसा, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आचारसंहितेत हत्यार ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आत-बाहेर तेल लावून, मेणकापडात गुंडाळून द्या आणि पावतीवर क्रमांक तपासून घ्या.

आता आजोबांची दुनळी. विकायच्या आधी ती एखाद्या परवानाधारक कारागिराला दाखवा. नळीच्या खालच्या बाजूला चाचणीचे आणि मापाचे शिक्के असतात, ते बंदूक उघडून बघावे लागतात. त्या काळच्या बऱ्याच बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं, आणि आज ७० मिलिमीटरची काडतुसंही बाजारात मिळतात. लांब काडतूस आखूड घरात बसतं, झाकणही लागतं, आणि धोका तिथेच आहे: उडताना काडतुसाचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच चढतो. नळीवर बारीक नागमोडी रेषांची नक्षी दिसली तर ती दमास्कस पद्धतीची, काळ्या दारूच्या काळातली असू शकते. तिच्यातून आजचं काडतूस कारागिराने हो म्हटल्याशिवाय अजिबात झाडू नका. जुनी कागदी काडतुसंही घरात असतील. पावसाळ्यात ती फुगतात, घरात अर्धी जातात आणि अडकतात. ती हातोडीने ठोकू नका, परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा.

शिक्के ६५ चे आणि नळ्या धड निघाल्या तर त्याच मापाच्या काडतुसांवर ती दुनळी बागेच्या राखणीला पुष्कळ आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे ती ठेवूनही पुढे पंप-अ‍ॅक्शनला जागा राहते. तुम्ही शिक्क्यांचे फोटो पाठवा, पण परवान्याचा आणि बंदुकीचा क्रमांक झाकून. मापं वाचून जे सांगता येईल ते मी इथेच खाली लिहीन.