समृद्धीवर जाताना टायरची हवा कमी करू नका

उन्हाळा लागला की जालना, परभणी, संभाजीनगरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच असतं. समृद्धीचा रस्ता सिमेंटचा, सिमेंट खरखरीत, त्यामुळे घर्षण जास्त. घर्षणाने टायर तापतो, आतली हवा फुगते आणि टायर फुटतो, म्हणून निघताना हवा पाच-सात पॉइंट कमी ठेवा. खाली आणखी दोन सल्ले असतात: घासलेला टायर सिमेंटवर बरा, कारण त्याला घर्षण कमी, आणि गाडी भरलेली असली की पकड वाढते, त्यामुळे ती लवकर थांबते.

यातलं ‘टायर तापून फुटू शकतो’ एवढंच खरं. बाकीचं वाचून कुणी खरोखर हवा सोडली, तर जिवावर बेतेल.

आधी घर्षणाचं बघू. चाक नीट फिरत असतं तेव्हा टायरचा रस्त्याला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्यावर घासत नसतो, जवळजवळ स्थिर असतो. तो उचलला जातो आणि त्याच्या शेजारचा भाग टेकतो. इथे काम करतं ते स्थितिक घर्षण, आणि त्यातून उष्णता फारशी निघत नाही. टायर घासतो तो चाक जाम झाल्यावर किंवा गाडी घसरल्यावर. मग सरळ रस्त्यावर तो तापतो कशाने? रबर वाकण्याने. गाडीच्या वजनाने टायर खाली चपटा होतो आणि वर जाताना पुन्हा गोल होतो. लोखंडी तार मागे-पुढे वाकवत राहिलं की वाकण्याच्या जागी ती चटका बसेल इतकी तापते, तसंच हे. कारच्या टायरचा घेर साधारण 2 मीटर धरा. ताशी 120 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 33 मीटर जाते, म्हणजे चाकाच्या 16-17 फेऱ्या. टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तितक्या वेळा चपटा होतो.

आता हवा कमी केली तर टायर जास्त चपटा होणार, जास्त वाकणार आणि जास्त तापणार. आतल्या थरांची पकड सुटते, कडेची भिंत कमकुवत होते आणि टायर जातो. म्हणजे मेसेज ज्या संकटावर उपाय सांगतो, तेच संकट तो ओढवून घेतो. सिमेंटचा रस्ता डांबरापेक्षा टणक असल्याने चाक फिरायला होणारा विरोध तिथे थोडा कमीच असतो. गाडी सिमेंटवर आली एवढ्याने टायर तापत नाही. आपल्याकडच्या उन्हात पारा चाळिशी ओलांडतो आणि त्यातच न थांबता तासन्‌तास एकाच वेगाने गाडी पळवली जाते. भर त्याची पडते.

हवा फुगण्याची भीती आकड्यांत मोजता येते. 30 अंशाला 33 पॉइंट भरलेला टायर 70 अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण 39 पॉइंट होतो. सहा पॉइंटची वाढ. कंपनीने दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ धरूनच दिलेला असतो. सगळ्यांत घातक सवय म्हणजे वाटेत थांबल्यावर टायर गरम लागला म्हणून तिथेच हवा सोडणं, कारण तो थंड झाला की दाब स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा कमी उरतो. नायट्रोजन भरला की काळजी मिटली असं समजणाऱ्यांसाठी एवढंच: साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दाब दोन्हींचा जवळपास सारखाच वाढतो.

घासलेल्या टायरच्या सल्ल्यात एक बारीक सत्य लपलेलं आहे, म्हणूनच तो पटतो. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत रबराची पकड कमी होत नाही. पण त्याच्यावर रबरच उरलेलं नसतं, खडा-खिळा लगेच आत जातो. आणि पाऊस आला की नक्षीच्या खाचांतून बाहेर जाणारं पाणी टायरखालीच अडकतं, टायर पाण्यावर तरंगतो, स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. खाचांमध्ये 1.6 मिलिमीटरच्या खुणा असतात. नक्षी तिथवर आली की टायर बदलायचा. महामार्ग सोडून गावाकडे वळलात की आणखी एक गोष्ट येते, आपली काळी माती. पहिल्या पावसात ट्रॅक्टर शेतातला चिखल चाकांसोबत डांबरावर आणतात. ती माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी निसरडी होते आणि चांगल्या टायरचीही नक्षी भरून टाकते.

राहिला वजनाचा मुद्दा. भार वाढला की त्याच प्रमाणात घर्षण वाढतं, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांनी 1699 मध्ये मांडला. रबर तो तंतोतंत पाळत नाही, पण इथे ढोबळमानाने चालतो. मात्र थांबवायचं वस्तुमानही तितकंच वाढतं, त्यामुळे हिशेबात वजन कापलं जातं. उरतात वेग आणि रस्ता. घर्षणांक, म्हणजे टायर-रस्त्याच्या पकडीचा आकडा, 0.7 धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी 80 वरून थांबायला 36 मीटर लागतात, 120 वरून 81. ओल्या रस्त्यावर तो 0.4 वर आला, तर 120 वरून 142 मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर वेगळंच.

प्रत्यक्षात भरलेली गाडी उशिरा थांबते, कारण ब्रेक तापून ढिले पडतात. उसाच्या हंगामात तर हे डोळ्यांसमोर असतं. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. पकड कितीही वाढो, ज्या चाकाला ब्रेक नाही ते गाडी थांबवायला काहीच मदत करत नाही. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतो, आणि उतारावर ट्रॉल्या त्यालाच पुढे ढकलतात. त्या उसावर अनेकदा तोडणीवाल्याचं कुटुंब बसलेलं असतं. ‘वजन असलं की लवकर थांबते’ हे वाक्य अशा चालकापर्यंत पोहोचू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रवासाला निघायचं तर सकाळी टायर थंड असताना हवा तपासा, स्टिकरवरच्या आकड्याइतकी भरा, स्टेपनीतही भरा. भरलेल्या गाडीसाठी स्टिकरवर वेगळा, जास्तीचा आकडा असेल तर तो घ्या. टायरच्या कडेला चार अंकी तारीखही बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतक्या वर्षांत रबर वाळून तडकलेलं असू शकतं.