कप ४० आणि १५ अंशांत बसला, तरी खुबा निखळतो तो का?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की खुब्याच्या सांधेरोपणात कप (हाडातल्या वाटीत बसवायची कृत्रिम वाटी) ४० अंश कलता आणि १५ अंश पुढे वळवलेला बसवला की खुबा निखळत नाही. मग रुग्णाच्या सांध्याच्या मूळ ठेवणीचं एवढं स्तोम कशाला? आकडे बरोबर आहेत, त्यांच्यावरचा भरवसा जरा जास्त आहे.

हा ‘सेफ झोन’, म्हणजे कपच्या सुरक्षित कोनांची चौकट, लेविनेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडला. ३०० शस्त्रक्रियांत ९ सांधे निखळले होते. सगळी चौकट त्या नवांवर उभी आहे. पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले निखळलेले २०६ सांधे तपासले, तर ५८ टक्क्यांचे कप चौकटीच्या आतच निघाले.

एक्स-रे झोपवून काढतात, सांधा मात्र बऱ्याचदा बसता-उठताना निखळतो. उभा माणूस खुर्चीत बसला की पेल्विस (कमरेचं हाडांचं कडं) साधारण २० अंश मागे कलतं. त्याच्या दर अंशामागे कपचं तोंड जवळपास पाऊण अंश पुढे उघडतं आणि मांडी वाकायला जागा होते. कंबरेचे मणके स्क्रूने जखडलेले असतील तर हे घडत नाही. स्टेमची (मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याची) मान कपच्या पुढच्या कडेला अडते आणि हेड (मानेवरचा गोळा) मागून बाहेर पडतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी एक उभं आणि एक बसलेलं असताना, असे दोन एक्स-रे बाजूने काढावेत. सेक्रमच्या (कण्याच्या तळाच्या हाडाच्या) उतारात १० अंशांहून कमी फरक पडला तर कंबर ताठर समजायची. अशा वेळी कप २०-२५ अंश पुढे वळवतात, हेड मोठं किंवा ड्युअल मोबिलिटीचं (गोळ्याभोवती आणखी एक फिरता गोळा असलेलं) घेतात. शस्त्रक्रियेतला रोबो सांगितलेला कोन अचूक साधेल, पण सांगायचा कुठला ते आधी ठरायला हवं ना!

मूळ ठेवणीची खूण हाडातल्या वाटीच्या खालच्या काठावरच असते: आडवं लिगामेंट (तंतूंचा पट्टा). कप त्याला समांतर ठेवला की रुग्णाचा स्वतःचा कोन बहुतेक सापडतो. जन्मतः उथळ वाटीत मात्र त्यावर विसंबू नये.

ऑफसेटबद्दल, म्हणजे मांडीचं हाड शरीराच्या मध्यापासून किती बाहेर राहतं त्याबद्दल, तुम्ही लिहिलंच नाहीत. वाटी ५ मिमी जास्त खोल कोरली की ऑफसेट तेवढाच घटतो, कुल्ल्याचे स्नायू सैल पडतात, माणूस लचकत चालतो. ट्रायलमध्ये (तात्पुरते भाग बसवून पाहताना) सांधा ढिला लागला म्हणून ५ मिमी लांब मानेचं हेड चढवलं, तर मान आणि दांडा यांत १३५ अंशांचा कोन असलेल्या स्टेमवर ऑफसेट साडेतीन मिमी वाढतो आणि पायही तेवढाच लांबतो. पाय आधीच बरोबर असेल तर तिथे हाय-ऑफसेट (पाय न लांबवता ऑफसेट वाढवणारा) स्टेम घ्यायला हवा होता.