आयरीन क्युरी यांचं नोबेल आईसोबतचं नव्हे

‘मेरी क्युरी आणि त्यांची मुलगी आयरीन यांना रेडियमच्या शोधाबद्दल एकत्र नोबेल मिळालं’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. रेडियमचा शोध १८९८ चा. तेव्हा आयरीन जेमतेम सव्वा वर्षाची होती!

आयरीन यांना १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते पती फ्रेदेरिक जोलिओ यांच्यासोबत, आणि स्वतःच्या कामासाठी. जानेवारी १९३४ मध्ये पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये दोघांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियम या किरणोत्सारी (आपोआप किरण सोडणाऱ्या) धातूतून निघणाऱ्या अल्फा कणांचा मारा केला. पोलोनियम बाजूला काढलं, तरी गायगर काउंटरची, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राची, टिकटिक थांबेना. ती हळूहळू मंदावत गेली. काही ॲल्युमिनियम अणूंचा किरणोत्सारी फॉस्फरस झाला होता. म्हणजे किरणोत्सार माणसाला घडवता येत होता. हा फॉस्फरस दर अडीच मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून तो रासायनिक पद्धतीने वेगळा काढायला विलक्षण चपळाई लागली. आयरीन यांचं हे कौशल्य आईच्या सावलीत झाकू नये, एवढीच कळकळ.

मेरी यांनी हा फॉस्फरस असलेली काचेची नळी रेडियमने भाजलेल्या बोटांत धरून स्वतः काउंटरजवळ नेली होती. जुलै १९३४ मध्ये त्या गेल्या. लेकीचं नोबेल त्यांना पाहता आलं नाही.