एकट्यानं फिरायला जाताय? आधी घरच्या चौदा जणांना विचारा

परदेशात शिकायला गेलेल्या सोलापूरच्या पोरानं पहिल्याच सेमिस्टरमध्ये एक दिवस एकट्यानं जवळच्या शहरात जाऊन यावं. त्याशिवाय आपण परदेशात आलोय असं वाटत नाही. आपल्याला नाही आणि घरच्यांना तर नाहीच नाही. मी जर्मनीत आखेनला शिकत होतो, तिथून कोलोनला जाऊन आलो. त्या एका दिवसाच्या भांडवलावर गेली दोन वर्षं मी सात रस्त्याच्या टपरीवर ‘युरोप’ या विषयावर बोलतोय आणि अजून कुणी अडवलेलं नाही. तेव्हा अनुभवी माणसाचं ऐका.

एकट्यानं जायचं असेल तर ते सगळ्यांना सांगायचं. आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर ‘उद्या कोलोन’ एवढंच टाकून झोपावं. उन्हाळ्यात सोलापूर तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढं असतं, त्यामुळे तुम्ही दात घासेपर्यंत इकडं सगळी आखणी झालेली असते. काकांनी विचारलं, किती लांब? म्हटलं, सत्तर किलोमीटर. ‘म्हणजे पंढरपूर की रे!’ झालं. त्यानंतर मी पंढरपूरलाच चाललोय अशा थाटात सूचना येत गेल्या. पाण्याची बाटली घे, पाकीट पुढच्या खिशात ठेव, चप्पल सांभाळ. मावशीनं विचारलं, सोबत कोण आहे? कुणी नाही. ‘मग जातोस कशाला?’

हा प्रश्न मला तेव्हा फार अडाणी वाटला. दुपारी तीनच्या सुमारास तेवढा वाटेना.

दिवस शक्यतो रविवारचा निवडा. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे नातेवाइकांनी दिलेल्या खरेदीच्या याद्या परस्पर निकालात निघतात. स्टेशनातली दुकानं मात्र उघडी असतात, हे कुणाला सांगू नका. गाडी निवडताना जी देखणी दिसेल तिच्यात बसा. माझ्याकडे विद्यार्थ्यांना मिळतं ते सेमिस्टरचं तिकीट होतं. ते प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाडीला चालत नाही, हे त्याच्यावर जर्मनमध्ये लिहिलेलं होतं आणि जर्मन मी तेव्हा फक्त परीक्षेपुरतं वाचायचो. समोर लांब नाकाची, पांढरी, लाल पट्ट्याची गाडी उभी होती. बसलो. तपासनीस बाई आल्या, तिकीट पाहिलं आणि अतिशय गोड आवाजात 60 युरो दंड सांगितला. परदेशात पहिले सहा महिने युरोला शंभरनं गुणण्याची खोड जात नाही. सहा हजार! तेवढ्यात हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला किती वेळा जाऊन येता येईल याचा हिशोब मांडायला घेतला, तो संपायच्या आत कोलोन आलंसुद्धा. गाडी वेगवान आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कोलोनचं कॅथेड्रल शोधावं लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडलं की ते थेट अंगावरच येतं. 157 मीटर उंच, काळंकुट्ट, वर पाहता पाहता मान दुखून येते. अशा वेळी मान वर करायचीच नाही, फोन वर करायचा. काम सुरू झालं 1248 साली आणि पुरं झालं 1880 साली. मध्ये इतकं रखडलं की अर्धवट मनोऱ्यावर चढवलेली क्रेन जवळजवळ चारशे वर्षं तिथंच उभी होती. हे वाचून मला जो आनंद झाला तो कुठल्याही स्थापत्यकलेनं दिला नसता. खोदून ठेवलेल्या रस्त्यांवर वाढलेल्या माणसाला युरोपात इतक्या लवकर आपलं माणूस भेटेल असं वाटलं नव्हतं.

दक्षिण मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत. त्या व्हिडिओ कॉल लावूनच चढाव्यात. जिना गोल, अरुंद, दोन्ही बाजूंनी दगड. त्यामुळे आईला सलग वीस मिनिटं माझी नाकपुडी आणि काळी भिंत दिसली. ‘अंधार कसला रे? तिथंपण लाइट जाते का?’ मध्ये 24 टनांची घंटा लागते, तिला तिथले लोक लाडानं ‘जाड्या पिटर’ म्हणतात. तिथं दम खायला थांबलो तर भिंतीवर जगभरच्या प्रेमी जनांनी आपापली नावं खरडलेली. भुईकोट किल्ल्यात बदाम कोरणाऱ्यांची उगाच लाज वाटून घेतली इतके दिवस. तसा किल्ला मी आतून एकदाच पाहिलाय, तोही पाहुणे आले होते म्हणून. हे अर्थात त्या दिवशी इन्स्टाग्रामवर लिहिलं नाही. तिथं लिहिलं, ‘दगडांशी बोलायला एकटेपणच लागतं.’

जेवणाचं तंत्र सांगतो. फोटो कॉफीचा काढायचा, पोट भाकरीवर भरायचं. ऱ्हाइनकाठच्या बाकावर बसून मी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा काढला. डबा आईच्या सूचनेप्रमाणे सोलापुरी टॉवेलात गुंडाळलेला. चटणी चांगली कुटलेली असली की तेल सोडते. ही फारच चांगली कुटलेली होती. टॉवेल, बॅगेचा तळ आणि दंडाची पावती, तिन्ही लालभडक. भाकरी मोडली तेव्हा असा कडाड् आवाज झाला की शेजारच्या बाकावरच्या आजोबांचा कुत्रा उठून उभा राहिला. आजोबा हसले, मी हसलो, बोलणं संपलं. तीन वाजले होते. दगडांशीही बोलून झालं होतं.

आता फोटोचं. सेल्फीत 157 मीटर मावत नाहीत. कुणाला सांगावं तर लोक आपलं डोकं घेतात आणि मनोरा कापतात, नाहीतर मनोरा घेतात आणि आपल्याला. तिसऱ्या प्रयत्नानंतर मागून आवाज आला, ‘रेय, इक्कड रा!’ मी सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत वाढलोय. गल्लीतली निम्मी भांडणं मी तेलुगूतच ऐकली आहेत. वळून बघतो तर चार पोरं, हैदराबादची, माझ्यासारखीच सेमिस्टर तिकिटावर निघालेली. ‘अन्ना, ओक फोटो?’ म्हणालो. त्यांनी एक सोडून चाळीस काढले. मग माझ्या डब्यातली उरलेली चटणी, त्यांच्या डब्यातला पुलिहोरा म्हणजे चिंचेचा भात, आणि संध्याकाळपर्यंत पुलाच्या कठड्याला प्रेमी जनांनी लावलेली कुलपं मोजत पाच जणांची एकट्यानं सहल. येताना त्यांनी मला हाताला धरून साध्या गाडीत बसवलं.

आजीची मागणी तेवढी वेगळी होती. तिला कॅथेड्रलशी काही घेणं नव्हतं. लहानपणी ताप आला की ती आमच्या कपाळावर कोलन वॉटरच्या घड्या ठेवायची. ते याच गावाचं पाणी, हे मी सांगितल्यावर तिनं फोनवर खात्री करून घेतली, ‘तेच का ते?’ स्टेशनातल्या दुकानातून एक छोटी बाटली घेतली. सुट्टीत घरी आलो तेव्हा ती आजीच्या हातात दिली. तिनं पदराच्या टोकावर दोन थेंब घेतले, हुंगले आणि बाटली देवघराच्या फळीवर ठेवून दिली. आजी पंढरपूरला सात वेळा पायी जाऊन आली आहे, दर वेळी सत्तर किलोमीटर, खांद्याला भाकरीचं गाठोडं. दरवेळी शेजारच्या पाचजणी सोबत असायच्या, म्हणून तिला कुणी प्रवासी म्हणालं नाही.

मग मी तिला फोटो दाखवला. पूर्ण मनोरा, पूर्ण मी, खांद्यावर लाल डागांचा टॉवेल. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

‘एकटाच गेलतास न्हवं?’

‘एकटाच.’

‘मग ह्यो फोटू कुणी काढला?’

तेव्हा मनोरा कापला गेला तरी चालेल, सेल्फीच काढा.