‘फक्त सीजीएफएनएस करा आणि अमेरिकेला जा’ हे कृपया पुढे पाठवू नका

एक मेसेज जोरात फिरतोय: सीजीएफएनएसचं (परदेशात शिकलेल्या नर्सचं शिक्षण आणि कागदपत्रं तपासणारी अमेरिकी संस्था) सर्टिफिकेट घेतलं की अमेरिकेत कुठेही नर्स म्हणून काम करता येतं, एनक्लेक्सची (अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा) गरज नाही, शिक्षण इंग्रजीतून झालंय तर इंग्रजीची परीक्षा माफ, आणि हे सर्टिफिकेट कायमचं. यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे आणि यावर विसंबून लोक पैसे भरतायत.

आधी मुख्य गोष्ट. पेशंटला हात लावायचा तर त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं लायसन्स पाहिजे, आणि रजिस्टर्ड नर्सच्या लायसन्ससाठी एनक्लेक्स-आरएन पास व्हावंच लागतं. मग हा गैरसमज आला कुठून? ग्रीन कार्डसाठी हॉस्पिटल जे शेड्यूल ए पिटिशन (माणसं कमी पडणाऱ्या पेशांसाठीचा अर्ज) भरतं त्यात सीजीएफएनएस सर्टिफिकेट, एनक्लेक्स पास झाल्याचा पुरावा किंवा त्या राज्याचं पूर्ण लायसन्स यातलं एक चालतं, कुणीतरी तेवढंच वाचलं आणि पुढे ढकललं. पण पिटिशन वेगळं, लायसन्स वेगळं.

आणि व्हिसास्क्रीनचं, म्हणजे व्हिसासाठी नर्सची पात्रता तपासून मिळणाऱ्या सर्टिफिकेटचं, काय? ते मेसेजमध्ये नावालाही नाही. 1996 च्या कायद्याने परदेशात शिकलेल्या नर्सला कामाच्या व्हिसासाठी ते बंधनकारक आहे, त्यात शिक्षण, आतापर्यंतची लायसन्सं, इंग्रजी आणि परीक्षा हे सगळं तपासतात. मार्कशीट तुम्ही स्वतः पाठवून चालत नाही, कॉलेजकडून थेट जावी लागते, आणि बहुतेकांचे महिने इथेच जातात म्हणून अर्ज करायचं ठरलं की हे काम सगळ्यात आधी सुरू करा.

इंग्रजी माध्यमाचा मुद्दा तर साफ खोटा. सूट ठरते ती कुठल्या देशात शिकलात त्यावर, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन असे मोजकेच देश आहेत. बाकीच्यांनी परीक्षा द्यायचीच.

‘कुठेही’ हेही नाही. कॅलिफोर्निया बघतं की थिअरी आणि प्रॅक्टिकल एकाच काळात झालंय का, त्यावरून कित्येक अर्ज अडकलेत. बऱ्याच राज्यांमध्ये मिळून एकच लायसन्स चालतं हे खरं, पण कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यात नाहीत.

कायमचं म्हणाल तर व्हिसास्क्रीनची मुदत 5 वर्षं. ग्रीन कार्डची रांग जन्माच्या देशावर ठरते आणि काही देशांची त्याहून लांब आहे, त्यामुळे एजंट ‘आजच करून टाका’ म्हणाला तर आधी आपल्या देशाची रांग कुठल्या तारखेपर्यंत आलीय ते अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये बघा, ते दर महिन्याला फुकट वाचायला मिळतं.