मीटरला फॉइल गुंडाळू नका: वीज, चीन आणि तो फॉरवर्ड

आमच्या मामांनी परवा सोसायटीच्या मीटररूममध्ये स्टुलावर चढून आपल्या नव्या स्मार्ट मीटरला पोळ्यांचा फॉइल गुंडाळला. वय सत्तरीच्या पुढे. निमित्त, नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. तोच मेसेज आता शेजारच्या सोसायट्यांमध्येही फिरतोय, म्हणून हे लिहायला बसलोय.

मेसेजचं म्हणणं असं: ऑक्टोबर 2020मध्ये चीनने मुंबईची वीज घालवली. तेव्हा सरकार जागं झालं आणि वीजयंत्रणेत चिनी मालावर कायद्याने संपूर्ण बंदी आली. तरीही घरोघरी चिनी चिपचे मीटर बसवतायत. बीजिंगमध्ये बटण दाबलं की तुमच्या घरात अंधार. मीटर घरातलं बोलणं ऐकतो. नव्या कायद्याने तुम्ही मीटर नाकारू शकता. आणि बसवलाच असेल तर फॉइल गुंडाळा, सिग्नल तुटतो.

आधी फॉइलचंच बोलू, कारण बाकी सगळ्याने फार तर डोकं फिरेल, याने माणूस मरेल. फॉइल म्हणजे ॲल्युमिनियम, त्यातून वीज आरामात जाते. मीटरच्या खालच्या बाजूला टर्मिनल असतात, तिथे बाहेरून आलेली जिवंत वायर जोडलेली असते. तुमच्या घरातला एमसीबी, म्हणजे शॉर्ट झालं की आपोआप पडणारा स्विच, मीटरच्या पुढे, घराच्या बाजूला असतो. टर्मिनलपाशी फॉइलची कड आत सरकून शॉर्ट झालं, तर तो एमसीबी काहीही करू शकत नाही. आमच्याकडे, आणि बहुतेक जुन्या इमारतींमध्ये, मीटररूम तळमजल्यावर जिन्याला लागून आहे. तिथे आग लागली तर वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी उतरायचं कुठून? असला सल्ला लिहिणाऱ्याने एकदा तरी मीटररूम आतून पाहिली होती का?

बरं, एवढं करून मिळतं काय? काही नाही. सिग्नल तुटला तरी मीटर युनिट मोजतच राहतो, नोंदी साठवतो आणि संपर्क आला की पाठवतो. मध्ये कंपनीला दिसतं की अमुक मीटर बोलत नाही, मग माणूस बघायला येतो आणि त्याला गुंडाळलेला मीटर सापडतो. वीज कायदा 2003च्या कलम 135मध्ये मीटरशी छेडछाड वीजचोरीत धरली आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मामांना चोरी करायची नव्हती हे मला ठाऊक आहे. पण या वयात ते पटवून देत कचेऱ्यांच्या पायऱ्या का चढायच्या?

आता त्या 'संपूर्ण बंदी'कडे येऊ. ज्यावरून हे पीक आलंय तो केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाचा आदेश 2 जुलै 2020चा आहे. मुंबईची वीज गेली 12 ऑक्टोबर 2020ला. म्हणजे आदेश तीन महिन्यांहून अधिक आधीचा. मुंबईमुळे सरकार जागं झालं ही गोष्ट तारखांपाशीच कोसळते. जूनमध्ये गलवान झालं होतं, तो संदर्भ धरा. शिवाय हा संसदेने केलेला नवा कायदा नाही, मंत्रालयाचा आदेश आहे. आणि त्यात सरसकट बंदी नाही. वीजपुरवठा यंत्रणेसाठी बाहेरून येणारी उपकरणं, घटक आणि सुटे भाग यांची मालवेअर, ट्रोजन वगैरे लपवलेल्या घातक सॉफ्टवेअरसाठी भारतात चाचणी व्हावी, आणि सरकारने ठरवलेल्या काही देशांतून माल आणायचा तर आधी परवानगी घ्यावी, एवढं त्यात आहे. त्याच महिन्यात, 23 जुलैला, सीमेला लागून असलेल्या देशांतल्या कंपन्यांना सरकारी निविदा भरण्याआधी नोंदणी सक्तीची झाली. ऑक्टोबर 2021मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सायबर सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या: माल विश्वासार्ह स्रोताकडून घ्या, नाहीतर बसवण्याआधी तपासा. यातली एकही ओळ ग्राहकाला मीटर नाकारायचा हक्क देत नाही. उलट 2003च्या कायद्याचं कलम 55 सांगतं की वीज मीटरमधूनच द्यायची.

मुंबईचं म्हणाल, तर त्या सकाळी कळवा-पडघे पट्ट्यातल्या 400 केव्हीच्या, म्हणजे अतिउच्च दाबाच्या, वाहिन्या बंद पडल्या, आणि अशा वेळी शहराला ग्रिडपासून तोडून स्वतःच्या केंद्रांवर चालू ठेवणारी आयलंडिंग व्यवस्था टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. चीनचं नाव आलं ते 2021च्या फेब्रुवारीअखेर, रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीच्या अहवालातून. पण वीज जाण्याचा आणि मालवेअरचा संबंध सिद्ध झालेला नाही, असं त्याच अहवालात लिहिलंय. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री सायबर हल्ल्याची शक्यता सांगत होते, तर तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक म्हटलं.

हे मात्र मान्य करावंच लागेल: आपल्या वीजयंत्रणेत शिरायचे प्रयत्न झाले आहेत. त्याच अहवालात प्रादेशिक भार प्रेषण केंद्रांचाही, म्हणजे ग्रिडवरची मागणी आणि पुरवठा सांभाळणाऱ्या नियंत्रण केंद्रांचाही, उल्लेख आहे. मीटरमधले काही इलेक्ट्रॉनिक भाग परदेशी असतात, चिनीही असतात. म्हणून तर आदेशात सुट्या भागांचीही चाचणी सांगितली आहे. घरगुती स्मार्ट मीटरमध्ये लांबून वीज तोडणारा रिले असतो, हेही खरं. पण तो हुकूम वितरण कंपनीसाठी चालणाऱ्या सर्व्हरवरून, कूटबद्ध होऊन येतो. राखायचा आहे तो सर्व्हर. त्याची तपासणी कोण करतं, किती वेळा करतं, हे जरूर विचारा. मीही विचारतोय.

बोलणं ऐकण्याचं तर सोडाच, मीटरला मायक्रोफोन नसतो. तो व्होल्टेज, करंट, युनिट आणि कमाल मागणी नोंदवतो. मात्र अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घर कधी रिकामं असतं हे कळू शकतं. म्हणून हा डेटा कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर ग्राहकाला मिळायला हवं.

बिलाची शंका असेल तर तिला चीनची जोड लागत नाही. जुना मीटर काढताना त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो घ्या. नवा जोरात पळतोय वाटलं तर चेक मीटर, म्हणजे पडताळणीसाठी सोबत लावायचा दुसरा मीटर, लावून मागा, मीटरच्या चाचणीसाठी लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. 1912वर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे; दोन्ही 2003च्या वीज कायद्याच्या कलम 42मध्ये आहेत. आणि मीटरवर फॉइल लावून झालाच असेल, तर तो स्वतः काढायला जाऊ नका, लाइनमनला बोलवा.