'लोकेशन बंद केलं की माग बंद' हे खरं का नाही

फोनचं लोकेशन बंद ठेवा, ब्राउझर इनकॉग्निटोमध्ये उघडा, मग तुमचा माग कोणी काढू शकत नाही. आणि तरी काही माहिती गेलीच, तर ती निनावी असते, असा सल्ला सर्रास फॉरवर्ड होतो. विश्वासाने पाळणारे यातच फसतात, म्हणून एकेक विधान तपासू.

'लोकेशन बंद, म्हणजे फोन कुठे आहे ते कळत नाही.' ते बटण ॲप्सची वाट अडवतं, टॉवरची नाही. कॉल तुमच्याच हातात वाजायचा, तर तुम्ही कोणत्या भागात आहात हे नेटवर्कला ठाऊक असावंच लागतं. शिवाय सगळ्या फोनचे सिग्नल आपापल्या ठरल्या क्षणी पोचले नाहीत, तर ते एकमेकांवर आदळतात. म्हणून तुमचा सिग्नल टॉवरपर्यंत यायला किती वेळ लागतो, हे नेटवर्क मोजतं. या मापाला टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात. टूजीत त्याची एक पायरी साधारण ५५० मीटरची, फोरजीत सुमारे ७८ मीटरची. अंतर असं मिळालं, आणि सिग्नल घेणाऱ्या अँटेनाचा रोख कुठे आहे हे कंपनीला माहीतच असतं. जीपीएसची गरजच पडली नाही. हे थांबवायचं तर एअरप्लेन मोड, आणि मग कॉलही येणार नाहीत.

बटणाच्या नावावरही विसंबू नका. गूगलची 'लोकेशन हिस्टरी' (आता तिचं नाव 'टाइमलाइन') बंद केली तरी 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'खाली ठिकाणं साठत होती, हे २०१८ मध्ये उघड झालं. २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलरची तडजोड केली. दोन्ही बटणं वेगवेगळी बंद करावी लागतात.

'इनकॉग्निटोत कोणी पाहत नाही.' विंडो बंद केली की तिच्यातली हिस्टरी आणि कुकीज (साइटने ठेवलेल्या खुणेच्या फायली) तुमच्या उपकरणावरून पुसल्या जातात, एवढंच. वेबसाइटला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतो, आणि कोणत्या साइटवर गेलात हे इंटरनेट कंपनीला सहसा कळतंच. लॉग-इन केलंत, तर तुम्ही कोण हेही साइटला कळतं.

'माहिती निनावी असते.' सगळ्यात घातक विधान हेच, कारण ते ऐकून माणूस निर्धास्तपणे 'परवानगी द्या' दाबतो. विकल्या जाणाऱ्या लोकेशन डेटाची एक ओळ डोळ्यांसमोर आणा: जाहिरात आयडी (जाहिरातींसाठी तुमच्या फोनला दिलेला ओळख क्रमांक), अक्षांश, रेखांश, वेळ. नाव कुठेच नाही. आता त्याच आयडीच्या महिनाभराच्या ओळी नकाशावर मांडा. रात्री १ ते पहाटे ५ ठिपका जिथे थांबतो ते घर, दुपारी जिथे थांबतो ते कामाचं ठिकाण. त्या घरात झोपून त्या ऑफिसात जाणारी माणसं किती निघतील? बहुधा एकच. २०१३ मध्ये १५ लाख फोनधारकांच्या १५ महिन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठिकाण-वेळेचे अवघे चार ठिपके ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळं काढायला पुरले. तेही तासागणिक आणि टॉवरच्या जाडसर अंदाजावर.

'नंबर हॅश करून ठेवतो', म्हणजे गणिती सूत्राने त्याची न ओळखता येणारी अक्षरमाला करून ठेवतो, हा बचावही लंगडा आहे. दहा अंकी नंबर असून असून १,००० कोटी. सगळ्यांचे हॅश आधीच काढून यादीशी जुळवता येतात. न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांचा डेटा २०१४ मध्ये नेमका असाच उलगडला.

मग हाती काय उरतं? बरंच. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ॲड्स इथे जाऊन जाहिरात आयडी डिलीट करा. आयफोनवर 'ट्रॅकिंग'मध्ये ॲप्सची विनंतीच बंद ठेवा. हवामानाच्या ॲपला 'प्रिसाइज लोकेशन' देऊ नका, त्याला शहर कळलं तरी पुरतं. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवाल, तर त्यात नोंदलेले अक्षांश-रेखांशही सोबत जातात. आधी काढून टाका. आणि प्रत्येक ॲपला तोच ईमेल, तोच नंबर देऊ नका. जाहिरात आयडी पुसल्यावर तुटलेल्या नोंदी पुन्हा सांधायला तोच धागा वापरला जातो.